ओले कातडे, गरम मेण: सुरीच्या म्यानाचा दख्खनी इतिहास

नाशिकच्या परिसरात अंजनेरी, हरिहर, कळसूबाईच्या वाटांवर हल्ली एखाद्या भटक्याच्या कमरेला जाड पात्याची, न मिटणारी सुरी दिसते आणि ती कातड्याच्या म्यानात असते. म्यान सुरीवर इतके घट्ट बसलेले असते की उलटे धरले तरी सुरी खाली पडत नाही. बटण नाही, दोरी नाही. कातड्यानेच मूठ धरून ठेवलेली. ही करामत परदेशी चित्रफिती पाहून शिकली जाते आणि परदेशी म्हणूनच ओळखली जाते. ज्या कातड्याने, पाण्याने आणि मेणाने ती साधते, ती तिन्ही द्रव्ये दख्खनच्या गावकुसाबाहेर कित्येक शतके नांदत होती. मग ती विद्या आपल्या नावावर का नाही? त्या प्रश्नाचा हा धागा.

आधी कृती समजून घेऊ, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यातच दडलेला आहे.

झाडाच्या साली-फळांनी कमावलेले कातडे पाण्यात भिजवले की त्यातले तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. अशा वेळी ते ज्यावर दाबाल त्याचा आकार घेते. म्यान करणारा कारागीर दोन पदर शिवतो, पण त्यांच्या मध्ये धारेच्या बाजूला कातड्याची एक अरुंद पट्टी घालतो. ती नसेल तर सुरी आत-बाहेर होताना टाके कापत जाते. मग म्यान भिजवून, सुरीला तेलाचा हात देऊन व वर पातळ वेष्टन गुंडाळून ती आत सरकवतात आणि बोटांनी, हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने कातडे मुठीच्या उंचसखल भागांवर दाबत जातात. पुढे ते सावलीत सुकू देतात. उन्हात घाई केली तर कातडे आखडते व तडकते. सुकल्यावर तंतू त्याच जागी घट्ट होतात आणि आकार कायम राहतो.

शेवटी मेण. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. सालीने कमावलेले कातडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आकसून कायमचे बिघडते. कोरडे असेल तर त्याहून जास्त उष्णता सोसते. म्हणजे चुकीला जागा जेमतेम दहा-पंधरा अंशांची. म्हणूनच म्यान हाडासारखे कोरडे झाल्याशिवाय त्याला गरम मेण दाखवत नाहीत. आत ओल राहिली असेल तर दोन दिवसांची मेहनत क्षणात सुरकुतते. नीट जमले तर मेण तंतूंच्या पोकळ्यांत शिरते, कातडे ताठ होते आणि पावसाचे पाणी त्यावरून ओघळून जाते.

मध्ययुगीन युरोपात याच गुणावर चिलखते, पेट्या, प्याले बनत. फ्रेंच भाषेत त्या प्रकाराला ‘उकळलेले कातडे’ असे नाव पडले. नाव दिशाभूल करणारे आहे. खरोखर उकळत ठेवले तर कातड्याचा गोळा होतो. फिनलंडची ‘पुक्को’ सुरी आजही अशाच ओल्या कातड्याच्या, मुठीवर चढवलेल्या म्यानात राहते. आणि म्यान ही कल्पना कातड्याहून जुनी किंवा निदान त्याच्यापासून स्वतंत्र आहे, याचाही पुरावा आहे. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ गारगोटीची सुरी होती आणि तिचे म्यान झाडाच्या सालीतील तंतूंचे विणलेले होते.

आता आपल्याकडे.

म्यान हा शब्द फारसीतून आला. संस्कृतात त्याला कोश म्हणत. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, इतके या वस्तूंचे कारभारात महत्त्व होते. मराठा तलवारीचे म्यान सहसा निव्वळ कातड्याचे नसे. लाकडाच्या दोन पातळ फळ्या पात्याच्या मापाने आतून कोरून जोडीत आणि त्यावर कातडे, मखमल किंवा कापड चढवीत. तोंडाशी धातूची मोहनाल, टोकाशी तहनाल. ओले कातडे लाकडावर ताणून मागच्या बाजूने शिवले की सुकताना ते आवळते आणि फळ्यांना गच्च धरते. म्हणजे तत्त्व तेच. फक्त साचा म्हणून सुरीऐवजी लाकूड. लांब पात्याला ताठ आधार हवा असतो, म्हणून लाकूड. आखूड पात्याला कातडेच पुरते.

दाबून आकार देणे आणि वरून पाणी अडवणारा थर चढवणे, ही जोडी सर्वांत देखण्या रूपात दिसते ती ढालीत. गेंड्याचे किंवा म्हशीचे जाड कातडे भिजवून, साच्यावर दाबून, फुगीर गोल आकारात सुकवीत आणि मग त्यावर लाखेचे थर देत. गुजरातेत बनलेल्या अशा ढाली दूरवर जात. संग्रहालयांत त्या आज चकचकीत काळ्या किंवा मधाच्या रंगाच्या, जवळजवळ पारदर्शक दिसतात. पाहणाऱ्याला त्या कातड्याच्या वाटतच नाहीत. मेणाऐवजी लाख, इतकाच फरक.

हे कातडे येत कुठून होते? गावातले मेलेले गुरू ओढण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे आणि त्याची वस्तू करण्याचे चांभारांकडे, अशी सर्वसाधारण वाटणी होती. प्रांतोप्रांती तीत फरक असे. कमावणीची रीत अशी: कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवून केस सोडवायचे, धुऊन चुना काढायचा, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे. शेवटी त्याच कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचा व हिरड्याचा चुरा भरून ती टांगायची आणि वरून कषायाचे पाणी ओतत राहायचे. ते पाणी कातड्यातून झिरपत खाली येई, पुन्हा वर ओतले जाई. कातड्याची पहिली परीक्षा तिथेच होई. ही बाभूळ दख्खनच्या नदीकाठी आणि हिरडा सह्याद्रीच्या माथ्यावर. जुन्नर-आंबेगावकडच्या डोंगरांत महादेव कोळी आजही हिरडा गोळा करतात. इंग्रजी राजवटीत हाच हिरडा मुंबई बंदरातून विलायतेच्या कातडी कारखान्यांसाठी बोटीत चढे.

चांभाराची हत्यारे थोडकी: रापी, आरी, ठोकायचा दगड, आणि कातडे भिजवायची कुंडी. कुंडीला विशेष मान, कारण कोरड्या कातड्यावर आकाराचे कोणतेच काम होत नाही. संत रोहिदासांची जी कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, तिच्यात गंगा अवतरते ती याच कुंडीत. कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण तिने निवडलेले पात्र पाहा. ज्या पाण्याला गाव शिवत नसे, ते कातडे मऊ करणारे पाणी कथाकारांनी गंगेच्या बरोबरीला बसवले. कारागिराच्या रोजच्या व्यवहारातूनच अशी कथा सुचू शकते.

म्यान हे या हातांचे छोटे काम. मोठे काम म्हणजे मोट.

विहिरीतून पाणी उपसणारी सोंडेची मोट म्हणजे कमावलेल्या कातड्याचा भलामोठा थैला, वर लोखंडी कडे, खाली निमुळती सोंड. जाड नाडा मोट ओढी, बारीक सोंदूर सोंडेचे तोंड वर धरून ठेवी. बैलजोडी धावेवरून उतरली की मोट वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई. जे कातडे म्यानात पाणी बाहेर ठेवते, तेच मोटेत पाणी आत ठेवते. दोन्हींत टाका घट्ट हवा, धागा मेणाचा किंवा तेलाचा हवा, आणि कातडे सालीच्या कसाने भरलेले हवे. मोट फाटली तर मळा वाळे, म्हणून बलुत्यात चांभाराचे धान्य ठरलेले असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचे बारकावे वाचायला मिळतात. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहिलेल्या १८८३ च्या ग्रंथाला ‘असूड’ हे नाव दिले, तो असूडही कातड्याचाच असे.

यापुढे गोष्ट कडू होते. कातड्याला हात लावणाऱ्याला समाजाने जवळ केले नाही, आणि यात कौशल्याच्या पायरीने काही फरक पडत नसे. जीनगर समाजाचे उदाहरण बोलके आहे. घोड्याचे जीन करणारे म्हणून जीनगर. पुढे धातूकाम, चित्रकाम, मूर्तिकाम, कुलपे, घड्याळे अशा नाना कलांत ते निष्णात झाले. तरीही पुण्यात न्हाव्यांनी त्यांची हजामत करण्याचे नाकारले आणि कारण दिले ते एवढेच, की जीन करताना हे लोक कातड्याला शिवतात. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने या समाजाच्या माहितीत हा तंटा टिपून ठेवला आहे. ज्या जिनावर सरदार बसत, ते जीन करणाऱ्याची ही स्थिती. ढोर-चांभारांचे काय असेल, याची कल्पना करता येते.

परिणाम असा झाला की या हातांपाशी विद्या होती, पण ती लिहून ठेवण्याची सोय नव्हती. तलवारीवर पाते घडवणाऱ्याचे किंवा मालकाचे नाव सोन्याने कोरलेले सापडते. म्यानावर कारागिराचे नाव क्वचितच. लाकूड-कातडे कुजते, म्हणून संग्रहालयांत तलवारी उघड्या असतात. पाते टिकले, त्याला शतकभर गंजापासून जपणारे आवरण गेले, आणि करणाराही त्याबरोबर.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला तोंड फुटले. आधी महाडला, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच परिषदेच्या काळात मेलेली गुरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहनही झाले. मग २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांबरोबर त्यात पुढे होते पांडुरंग नथुजी राजभोज. राजभोज नाशिक जिल्ह्यातल्याच कनाशीचे, जन्म १९०५, आणि चर्मकार समाजातले. पुढे १९५२ मध्ये ते सोलापुरातून लोकसभेवर गेले. मोटेने उपसलेले पाणी पाटाने मळ्यात जाई, वाटसरूही त्या पाटाला ओंजळ लावी. पण ती मोट शिवणाऱ्याला सार्वजनिक पाणवठ्यावर उभे राहता येत नसे. सत्याग्रहाने विचारलेला प्रश्न धर्माचा होता तसा या व्यवहाराचाही होता. एका अर्थी, कातड्याचे काम सोडा हे आवाहन आणि कातड्याच्या कौशल्याचा मान, या दोन गोष्टींत ताण आहे. तो कुणी लपवू नये. अपमानाशी जखडलेले कौशल्य माणूस सोडून देतो, तेव्हा त्याला दोष देण्याचा हक्क ते कौशल्य नुसते दुरून पाहणाऱ्याला नाही.

मध्यंतरी म्यानाची गिऱ्हाइकीही आटली होती. १८५७ नंतर ठिकठिकाणी शस्त्रे काढून घेतली गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. तलवारी देवघरात गेल्या, दसऱ्यापुरत्या निघू लागल्या. कातड्याचे म्यान जिथे मोठ्या संख्येने उरले ते सरकारी फौजेत. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीतून ये-जा केलेल्या इंग्रजी पलटणींच्या बंदुकांना १९०७ च्या नमुन्याची लांब संगीन असे. तिचे म्यान कातड्याचे, तोंडाला व टोकाला पोलादी टोपी. मोहनाल आणि तहनालच ती, नाव मात्र कारखान्याचे. कानपुरात १८६० च्या दशकात सरकारने खोगीर-साजाचा कारखाना काढला होता आणि तिथले कातडेही बाभळीच्या सालीनेच कमावले जाई. देशी कस, विलायती आराखडा.

सामान्य माणसाच्या हाती राहिला तो कोयता. त्याला म्यान नव्हते. सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणात माणसे कमरेच्या दोरीला लाकडी आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवतात, पाते उघडेच. हे अडाणीपणाचे लक्षण समजू नये. चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या मुलखात कातडे सदा ओले राहून बुरसते आणि पात्याला गंज चढवते. लाकडी आकडीत वारा खेळतो, आणि वाकड्या पात्यावर कातडे चढवणेही गैरसोयीचे. वस्तू हवामान पाहून ठरते. घाटमाथ्यावर उसाच्या पट्ट्यात तर कोयता हे मजुरीचे परिमाणच झाले: ‘एक कोयता’ म्हणजे तोडणीला आलेले एक जोडपे. एकलहऱ्याशेजारच्या पळशाच्या साखर कारखान्यासारख्या ठिकाणी हीच भाषा चाले. पुढे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या वर्गात आले, पण घरगुती व शेतीच्या कामाची हत्यारे त्यातून वगळली गेली. कोयता त्यामुळे वाचला. भटक्यांच्या सुऱ्या आखूड असतात, त्याला एक कारण हेही आहे.

मग सालीच्या कातड्याचे पोट भरत होते कोण? उत्तर पुन्हा मोट. आणि तिचाच शेवट एकलहऱ्याशी जोडलेला आहे.

शेवटाची चाहूल आधी मद्रासेत लागली होती, तीही उफराट्या रीतीने. क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत १८८४ मध्ये पेटंट झाली. महिन्याचे काम त्यामुळे दिवसांवर आले. आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने १९०३ च्या सुमारास ती मद्रास इलाख्यात आणली ती बुटांसाठी नाही. मोटेसाठी अधिक टिकाऊ कातडे मिळावे म्हणून. क्रोमचे कातडे पाण्यात कुजत नाही, उष्णताही जास्त सोसते. परंतु ते मऊ आणि लवचिक राहते. भिजवून दाबले तर सुकताना आकार सोडून देते. बूट, पिशव्या, गाद्या यांसाठी उत्तम, मुठीवर चढवायच्या म्यानासाठी कुचकामी. आज बाजारातले बहुतेक कातडे क्रोमचेच असते, आणि नवशिक्याचे पहिले म्यान फसते त्याचे कारण बहुधा हेच.

मोटेला खरा धक्का यंत्राने दिला. प्रथम तेलावरची इंजिने आली, मग विजेचे पंप. नाशिक रोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठी एकलहरे येथे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या औष्णिक केंद्राचा १४० मेगावॅटचा पहिला संच १९७० मध्ये चालू झाला, दुसरा पुढच्या वर्षी. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आणखी उभे राहिले. वीज एकट्या एकलहऱ्याहून आली असे नाही. पण जिल्ह्याला दिसणारी विजेची खूण म्हणजे ती धुराडी. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या. इतक्या खोलीवरून बैलांनी पाणी ओढणे परवडेना. बटण दाबले की पाणी, मग कातड्याचा थैला कशाला? मोटेबरोबर नाडा, धाव, थारोळे हे शब्द गेले. आणि गावोगावचा ढोराचा हौद कोरडा पडला, कारण वहाणेला लागते त्याच्या कितीतरी पट कातडे मोटेला लागे. शेतकऱ्याची सुटका झाली, बैलांचीही झाली. चांभाराचे बलुते मात्र त्याच झटक्यात संपले, आणि त्याच्या जागी काय द्यायचे हे ठरवायला कोणी बसले नाही. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले, पण तोवर गावचा धंदा शहरच्या कारखान्याकडे वळला होता.

सालीचे जाड, ताठ कातडे टिकले ते मुख्यतः कोल्हापुरी चपलेमुळे. तिचा तळ, तिचे पट्टे, तिची ओल्या कातड्यावरची ठोकाई, सारे जुन्या रीतीचे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नाशिक त्या यादीत नाही. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून भिस्त म्हशीच्या कातड्यावर वाढली. ते जाड आणि खरखरीत असते. म्यानाला ते वाईट नाही, फक्त भिजवायला वेळ अधिक लागतो आणि दाबायला मनगट लागते. एखाद्या चप्पल-कारागिराकडून तळाचे कातडे घेऊन त्याचे म्यान करणारे हौशी लोक आहेत. त्यांना कळो न कळो, मोट शिवणाऱ्याच्या नातवंडांकडूनच ते माल घेत असतात.

एक गोष्ट वापरणाऱ्यासाठी. मेण दिलेले म्यान पाणी बाहेर ठेवते तसे आत शिरलेली ओलही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पावसाळ्यात सुरी म्यानात घालून कपाटात ठेवू नये. पाते पुसून, तेल लावून वेगळे ठेवावे. वैशाखातल्या नाशकात मोटारीत म्यान विसरले तर मेण मऊ होऊन मुठीचा आकार सैल पडतो. तेव्हा सुरी आत घालून, दाबून, सावलीत गार होऊ द्यावी. आणि ओल्या म्यानात राहिलेल्या पोलादावर निळसर काळे डाग उठले तर तो नेहमीचा गंज समजू नये. कातड्यातला बाभूळ-हिरड्याचा कस लोखंडाशी संयोग पावून तो रंग देतो. चांभार हिराकस आणि हिरड्याच्या पाण्याने वहाणा काळ्या करीत, तो हाच रंग. घासला तरी तो पुरता जात नाही.